खांद्यावरचा हात

रूबेनभाऊजींनी रुमालाच्या टोकाला थुंकी लावली आणि भिंतीवरच्या लिंडनरसाहेबाचा चेहरा पुसायला घेतला. आधी डोळे, मग मिशा, मग पुन्हा थुंकी. काचेवर ओला फराटा उमटला आणि त्यात साहेब जरासा हलल्यासारखा वाटला.

"भाऊजी, ओलं फडकं देते ना," मी म्हटलं.

"राहू द्या वहिनी. घरचीच थुंकी आहे. रक्त तेच, थुंकी तीच."

मी फडकं ओट्यावर ठेवलं. त्या घरात गप्प बसायची मला एकोणचाळीस वर्षांची सवय होती.

ही गोष्ट नव्याण्णव सालच्या नाताळातली, सोलापूरच्या आमच्या घरातली. मला तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. जन्मभर मुलांना चित्रकला शिकवली. माझे यजमान वारले होते, मुलगा नोकरीसाठी नाशिकला होता. घरात मी आणि माझ्या सासूबाई. रूबेनभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. विमा कंपनीतून निवृत्त होऊन पुण्यात राहायचे. त्या नाताळात सगळं कुटुंब सोलापुरात जमवायचं त्यांनी ठरवलं होतं, कारण जर्मनीहून पाहुणी यायची होती.

आमचं आडनाव लिंडनकर. सोलापुरात दुसरं लिंडनकर घर नव्हतं. माझ्या सासऱ्यांचे वडील, म्हणजे ओटो लिंडनर, हे जर्मन होते. रंगांच्या एका कंपनीचे इथले एजंट. सोलापूरच्या विणकरांना लाल आणि निळा रंग विकायचे. त्यांनी इथल्याच एका मुलीशी, साराबाईशी लग्न केलं. चौदा सालचं युद्ध पेटलं तेव्हा इंग्रजांनी त्यांना नगरच्या छावणीत डांबलं आणि तिथे बायकोची आठवण काढत ते गेले. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात मला हे चार जणांनी सांगितलं. चौघांचेही शब्द तेच होते.

पुरावा म्हणून हा फोटो होता. मोठा, हाताने रंगवलेला. साहेब मधोमध उभा. त्याचा उजवा हात फुलदाणी ठेवलेल्या उंच तिवईवर. डाव्या बाजूला साराबाई, जांभळ्या काठाचं लुगडं, छातीशी काळं बायबल. आणि साहेबाचा डावा हात तिच्या खांद्यावर.

"त्या काळी कुठला गोरा माणूस बायकोच्या खांद्यावर असा हात ठेवायचा?" भाऊजी प्रत्येक पाहुण्याला विचारायचे. "दाखवा एक."

गल्लीतली माणसं मागून हसायची. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. "जर्मनचं घर," म्हणायची, "जर्मनच्या भांड्यासारखं. चकाकतं फार, पण आपटलं की पोचा." भाऊजींना ते ऐकू जायचं नाही, किंवा जायचं.

त्या फोटोचा एक विधी होता. घरात मूल झालं की बाप्तिस्म्याहून आल्यावर त्याला या फोटोसमोर उचलून धरायचं. बाळाचा गाल काचेला टेकवायचा, साहेबाच्या गालाशी गाल. मग घरातला सर्वांत मोठा पुरुष निवाडा द्यायचा. डोळे आले, नाक आलं, रंग आला. माझ्या मुलाला धरलं तेव्हा सासऱ्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काहीच नाही आलं. कोराच." मग बाळ माझ्याकडे दिलं. त्याच्या गालाला काचेवरची धूळ आणि कुणाच्या तरी तेलकट बोटांचा डाग लागला होता. मी पदराने पुसला. अजून मला तो डाग बोटाला जाणवतो.

साराबाईंना मी पाहिलं नाही. मी यायच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या. पण त्यांची एक गोष्ट घरात फार कौतुकाने सांगत. त्या शेवटपर्यंत जेवायला बसायच्या त्या फोटोकडे पाठ करून. म्हातारपणी कुणी पाट फिरवला तर ताट उचलून फिरून बसायच्या. "नवऱ्यासमोर जेवायची लाज," सगळे म्हणायचे. "तो गेला तरी लाज सुटली नाही. याला म्हणतात संसार."

भाऊजींची नात अबिगेल, आमची अबी, हिच्या बाबतीत मात्र निवाडा द्यायला कुणाला वेळ लागला नव्हता. स्वच्छ घारे डोळे. ती पाळण्यात होती तेव्हापासून भाऊजी तिला 'मेमसाहेब' म्हणायचे. त्या वर्षी ती बारावी होऊन पुण्याच्या कॉलेजात जाऊ लागली होती, आणि तिला जर्मनीला पाठवायचं भाऊजींनी मनात पक्कं केलं होतं. दोन वर्षं खटपट करून त्यांनी साहेबाच्या नातीचा पत्ता लावला होता. उर्सुलाबाई. ती भारत बघायला येणार होती आणि सोलापुरालाही येणार होती. फोनवर ती म्हणाली होती, तुमच्याकडची एखादी मुलगी वर्षभर आमच्याकडे राहू शकेल.

"शिकायला नेतेय," भाऊजी सांगत सुटले. "आणि अजून तिला ठाऊकच नाही की आपण कोण. मी मुद्दामच नाही सांगितलं. लिंडनरसाहेबांशी जुना संबंध, एवढंच. इथे आली, फोटो पाहिला, की कळेल. मग वर्ष कशाला, कायमचीच ठेवून घेईल."

"आणि तिला पटलं नाही तर?" मी विचारलं.

"डोळे बघेल ना पोरीचे."

अबी माझ्याजवळ यायची ती चित्रांसाठी. लहान असल्यापासून सुट्टीत आली की घरातली सगळी पोरं गोळा करून मी एक खेळ खेळायचे. एखादं चित्र समोर ठेवायचं आणि म्हणायचं, दिसतं ते आधी सांगा, माहीत आहे ते नंतर. मोठ्यांना हा खेळ जमत नाही. ते लगेच माहीत असलेलं सांगू लागतात. त्या नाताळातही पोरं जमली होती, म्हणून भिंतीवरचाच फोटो घेतला.

"एक माणूस आहे."

"फुलं आहेत. पण फुलदाणीपेक्षा तिवई रुंद आहे."

"छान. अजून?"

भाऊजींचा पाच वर्षांचा नातू बराच वेळ बघत होता. तो म्हणाला, "ही आजी पुस्तकाला झोपवतेय."

सगळी हसली. पण त्याने बरोबर पाहिलं होतं. बायबल कुणी असं धरत नाही. एक कोपर बाहेर काढलेलं, दुसरा हात खालून आधाराला, मान किंचित कलती. नवी नवरी होते तेव्हाच माझ्या ते नजरेस आलं होतं. रंगवणाऱ्याला हात काढता येत नसावेत, एवढंच मी मनाशी म्हटलं आणि विसरले. शिकवलेलं आपणच विसरतो ते असं.

"पोरांना काय नसतं ते शिकवता वहिनी," भाऊजी आतून म्हणाले.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी उर्सुलाबाई आली. साठीची, उंच, उन्हाने लाल झालेली, हसरी. वाईट बाई नव्हती, हे मी आधीच सांगते. तिने सासूबाईंसाठी लोकरीची शाल आणली होती, पोरांना चॉकलेटं. ती इंग्रजीत बोलायची. भाऊजी मराठी करायचे आणि चुकलं की अबी हळूच दुरुस्त करायची.

भाऊजींनी फोटोवर पडदा टाकून ठेवला होता. जेवणाआधी उघडायचा असा बेत. मोठं पातेलं भरून मटण शिजलं होतं. सोळा-सतरा माणसं त्या खोलीत दाटली होती. भिंतीला टेकून सासूबाई बसल्या होत्या, पंच्याऐंशी वर्षांच्या, डोळे मिटून.

"आधी मी दाखवते," उर्सुलाबाई म्हणाली. तिने पिशवीतून जाड पुठ्ठ्याचा आल्बम काढला. "माझ्या आजोबांचं सोलापूर."

पहिल्या पानावर रंगांची पिंपं आणि बैलगाडी. दुसऱ्यावर बंगला. तिसरं पान तिने उलटलं आणि मी अबीच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

तोच फोटो होता.

साहेब मधोमध उभा, त्याच मिशा, तोच कोट. पण जिथे आमच्याकडे तिवई आणि फुलदाणी होती, तिथे खुर्चीत एक गोरी बाई बसली होती, मोठी टोपी घातलेली. साहेबाचा उजवा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर होता. आणि डाव्या बाजूला अनवाणी उभी असलेली एक काळीसावळी पोर. लुगड्याला काठबीठ काही नव्हता. छातीशी लेस लावलेल्या कपड्यातलं गोरं बाळ. एक कोपर बाहेर, दुसरा हात खालून आधाराला.

आणि तिच्या खांद्यावर साहेबाचा हात.

"ही माझी आजी," उर्सुलाबाई बोट फिरवत म्हणाली. "हे बाळ म्हणजे माझी आई. आणि ही तिची आया. आई नेहमी तिच्याबद्दल ऐकलेलं सांगायची. बारा साली हे सगळे परत गेले, तेव्हा आजीने प्रत्येक नोकराला या फोटोची एकेक प्रत दिली होती."

"परत गेले?" भाऊजींनी विचारलं. "छावणीत... नगरला..."

"नाही नाही. युद्धाच्या आधीच. आजोबा ऐंशी वर्षं जगले. गुलाब लावायचे."

आतून मटणाचा वास येत होता.

मग पाच वर्षांच्या पोराने उठून पडद्याचं टोक ओढलं. त्याला वाटलं, आता वेळ झाली.

उर्सुलाबाईने भिंतीकडे पाहिलं. आल्बमकडे पाहिलं. पुन्हा भिंतीकडे. तिचं तोंड उघडं राहिलं आणि मग ती हसू लागली. "अरे देवा. आजीची तुम्ही फुलदाणी केलीत."

अबीने ते मराठी केलं नाही. भाऊजींना कळलं होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल, पाणी मागेल. पण ते घसा साफ करून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ही आया म्हणजे माझी आजी. तुमचे आजोबा ते माझे आजोबा." आणि अबीला दंडाला धरून पुढे ढकललं. "हिचे डोळे बघा."

उर्सुलाबाईचं हसू थांबलं. ती उठली. अबीच्या हनुवटीखाली बोट घालून तिने तोंड वर केलं, खिडकीकडे वळवलं, उजेडात एकदा या बाजूने पाहिलं, एकदा त्या. बाजारात वासराचे दात बघतात, तसं. दुसरा हात तिने अबीच्या खांद्यावर ठेवला होता.

"हो," ती म्हणाली. "ओटो आजोबांचेच डोळे." आणि पुन्हा हसली, जरा लाजल्यासारखी. "आमच्या घरी जेवताना हा विनोदच होता. आजी म्हणायची, ओटोचा उजवा हात माझ्यापाशी असतो, डावा कधी घरी नसतो. फोटोतसुद्धा बघा. सगळे हसायचे. आजोबा सर्वांत जास्त."

भाऊजींनी ऐकलं. आणि तेही हसले.

मी जन्मात पुष्कळ ओंगळ गोष्टी पाहिल्या आहेत. शाळेच्या मोऱ्या साफ करून घेतल्या आहेत, आजारी माणसाचं सगळं केलं आहे. पण त्या हसण्यासारखं ओंगळ मी काही पाहिलं नाही. ते आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ऐकलंत का? मान्य केलं तिने. सगळ्यांसमोर मान्य केलं. रक्त आहे म्हणाली." कुणी कुणी माना हलवल्या. पुण्याच्या एका चुलत सुनेने तर टाळी वाजवायला हात उचलले आणि इकडेतिकडे बघून खाली घेतले.

मी पुढे गेले आणि उर्सुलाबाईच्या मनगटाला धरलं.

"हात काढा," मी म्हटलं.

मराठीत म्हटलं, पण तिला समजलं. तिने पटकन हात काढला. "सॉरी," म्हणाली. खरंच ओशाळली.

"वहिनी, पाहुण्या आहेत," भाऊजी दातांतून म्हणाले.

"पाहुण्यांचं जेवण वाढते. पण पोरीला हात लावायचा नाही."

उर्सुलाबाईला वाटलं, काहीतरी बोलून सावरावं. ती भाऊजींना म्हणाली की मुलीला पाठवायचं तिचं बोलणं अजून कायम आहे, आता तर जास्तच. तिच्या मुलीला जुळी झाली आहेत, आठ महिन्यांची. घरात बाळांचं बघायला कुणीतरी हवंच आहे. गॅरेजवर छोटी खोली आहे, जेवण घरचंच, हातखर्चालाही देतील.

"म्हणजे शिकायला नाही?" अबीने विचारलं.

"सकाळी भाषेचा वर्ग करता येईल की," उर्सुलाबाई म्हणाली. "बाळं झोपली असताना."

"हो म्हण," भाऊजी म्हणाले. "अबी, हो म्हण. घरचीच माणसं आहेत आता. एकदा तिथे पोचलीस की पुढचं पुढे."

अबीने आल्बम मांडीवर ओढून घेतला. ती त्या फोटोकडे बघत होती, आणि कशी बघत होती ते मला ओळखू आलं. दिसतं ते आधी, माहीत आहे ते नंतर.

"हिचं वय काय असेल?" तिने विचारलं.

"आयाचं? तेरा. चौदा. त्यांचं वय कळत नाही."

"आणि नाव?"

"आम्ही आयाच म्हणायचो. आजीलासुद्धा आठवत नव्हतं."

"साराबाई," अबी म्हणाली. "नंतरचं ते. त्याआधी काय होतं, पणजी?"

भिंतीपाशी सासूबाईंनी डोळे उघडले. "नागू," त्या म्हणाल्या.

"नागू," अबीने उर्सुलाबाईला सांगितलं. मग आल्बम मिटून तिच्या हातात दिला. "मी येणार नाही. तुमच्या बाळांसाठी दुसरी कुणी बघा."

"मूर्ख आहेस," भाऊजी म्हणाले. "मेमसाहेब म्हणून वाढवली तुला."

"आजोबा, मेमसाहेबाची तर आपण फुलदाणी केली ना."

पुढे जेवणं झाली. हेच मला सर्वांत विचित्र वाटलं. सगळे जेवले. भाऊजींनी नळी फोडून मगज ओढून घेतला आणि बोटं चाटली, त्याच बोटांनी उर्सुलाबाईच्या पानात वाढलं. उर्सुलाबाईने तिखट लागलं म्हणून डोळे पुसले. संध्याकाळच्या गाडीने ती गेली. जाताना तिने तो फोटो आल्बममधून काढून अबीला दिला. मी म्हटलं ना, बाई वाईट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची मंडळीही निघून गेली. अबी मात्र चार दिवस राहते म्हणाली. मी सासूबाईंना न्याहारी दिली. त्या दारातल्या उन्हात बसल्या होत्या.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी भाकरीचा तुकडा दुधात बुडवला. "मी सून होते गं या घरातली. सुनेला माहीत असून काय करायचं असतं?"

"मामंजींनी केलं का हे सगळं?"

"तुझ्या नवऱ्याचा बाप्तिस्मा होता. देवळात लोक कुजबुजायचे, याच्या बापाचा बाप कोण. तुझे सासरे त्यांच्या आईच्या पेटीतला फोटो घेऊन स्टुडिओत गेले. रंगवून आणला, भिंतीवर टांगला आणि पोराला उचलून त्याला लावला. तिथून सुरू झालं ते." त्यांनी तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिल्या. "ती चुलीपाशी होती. बाहेर येऊन बघितलं तिने. काही रडली नाही. लेकाला म्हणाली, दान्या, बाईला पुसलंस, बाळाला पुसलंस. मग तो हात तेवढा पुसायला सांगायचास."

"मग?"

"ते म्हणाले, आई, हात पुसला तर तो नवरा कसा वाटेल?" सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. "मग ती पाठ करून जेवायला लागली."

मी आत गेले. स्टुलावर चढून फोटो उतरवला. काचेवर भाऊजींच्या थुंकीचा फराटा वाळून पांढरा झाला होता. मागचे खिळे काढले, काच बाजूला केली, आणि फोटो मोरीत न नेता टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला. अबी पाणी आणि ब्रश घेऊन आली. मी न सांगता.

"सगळंच पुसायचं का बाईआजी? बायबल, तिवई?"

"नाही. तिने एकच सांगितलं होतं."

जांभळा, थोडा काळा, टोकाला पांढरा. रंग चांगला दाट कालवला. लुगड्याची घडी खांद्यावरून कशी उतरेल ते आधी पेन्सिलीने आखून घेतलं. साहेबाचं एकेक बोट झाकत गेले. करंगळीपासून सुरुवात केली. अंगठा शेवटी राहिला, तो गळ्याजवळ होता. तिथे हात सांभाळावा लागला.

अबी जवळून बघत होती. "पदर जरा जाड झालाय," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. "थंडीचे दिवस आहेत."